असियूतच्या ‘मामा’

कैरो शहराच्या दक्षिणेस सुमारें २३० मैलांवर, नाईल नदीच्या कांठीं, असियूत हें जुनें शहर आहे. कापसाचा व्यापार, कॉप्ट ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आणि उन्हाळ्यांतील असह्य उष्मा यांबद्दल त्याची ख्याति. इ. स. १९१० च्या अखेरीस २३ वर्षांची एक अमेरिकन तरुणी येथें येऊन राहिली. तिचें नांव लिलियन ट्रॅशर. तिला ना पगार होता, ना अरबी भाषा येत होती.

तिचा जन्म १८८७ सालीं फ्लॉरिडा संस्थानांत झाला. नॉर्थ कॅरोलायनांतील एका अनाथगृहांत तिनें कांहीं काळ काम केलें होतें आणि थोडक्या शिध्यांत पुष्कळांना जेवूं कसें घालावें हें ती तेथेंच शिकली होती. पुढें एका धर्मोपदेशकाशीं तिचा विवाह ठरला. तो अवघ्या दहा दिवसांवर आला असतां हिंदुस्थानांतून परत आलेल्या एका मिशनरीचें भाषण तिच्या कानीं पडलें, आणि आपलें बोलावणें आफ्रिकेंतून आलें आहे असें तिच्या मनानें घेतलें. वराला तिकडे जावयाचें नव्हतें. विवाह मोडला. निघण्यापूर्वीं तिनें बायबल सहज उघडलें, तों ज्या वचनावर दृष्टि पडली त्यांत ईजिप्तचेंच नांव होतें! ऑक्टोबर महिन्यांत ती आपल्या बहिणीसह आगबोटींत बसली. अशा निर्णयास कोणी श्रद्धा म्हणेल, कोणी अविचार. त्या क्षणीं दोहोंत फारसें अंतर नसतें, तें पुढील आयुष्य ठरवितें.

असियूतच्या एका लहानशा मिशनमध्यें ती मदतनीस म्हणून राहिली. एके दिवशीं एक बाई मरणाच्या दारीं आहे म्हणून तिला बोलावणें आलें. बाई वांचली नाहीं. मागें तिचें तान्हें मूल राहिलें. डब्यांतील नासलेलें दूध त्याला पाजीत होते. लिलियननें तें मूल घरीं आणलें. तें रात्रंदिवस रडे. मिशनमधील मंडळींच्या डोळ्यास डोळा लागेना, तेव्हां मूल परत नेऊन द्यावें असें त्यांनीं तिला सांगितलें. ही सूचना निर्दयपणाची होती असें नाहीं. परक्या मुलखांत थोडक्या पैशांत राहणाऱ्या माणसांची ती सूचना होती. लिलियननें मूल परत नेलें नाहीं. तिनें एक घर भाड्यानें घेतलें आणि १० फेब्रुवारी १९११ रोजीं त्यांत बिऱ्हाड केलें. तेंच अनाथगृह.

पहिल्याच वर्षीं प्लेगनें घर गांठलें. तें ओसरल्यावर ट्रॅशरबाई गाढवावर बसून गांवोगांव भिक्षा मागूं लागल्या. पहिली देणगी तारा पोंचविणाऱ्या एका पोरानें दिली असें सांगतात. पुढें कॉप्ट जमीनदारांनीं दिलें, मुसलमान शेतकऱ्यांनींही दिलें. धान्य, कापड, नाणीं, जें मिळेल तें. १९१६ च्या सुमारास मुलांची संख्या ५० वर गेली व नदीपलीकडे नवें बिऱ्हाड थाटावें लागलें. तेथें विटा पाडण्याचें कामही घरच्या घरींच चाले.

१९१९ च्या मार्चमध्यें सरकारनें साद झगलूल यांना हद्दपार करतांच ईजिप्तभर बंडाळी माजली. आगगाडीचे रूळ उखडले गेले, असियूतला गोळीबार सुरू झाला. ट्रॅशरबाई मुलांना घेऊन विटांच्या भट्टींत लपून राहिल्या. नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनीं परकीयांस बाहेर काढलें, त्यांत त्यांनाही जावें लागलें. पुढल्या वर्षीं त्या परतल्या.

याहून कठीण प्रसंग १९३३ सालचा. पोर्ट सैद येथील एका परकीय मिशनच्या शाळेंत एका मुसलमान मुलीस मारहाण झाली. धर्मांतरास नकार दिला म्हणून मारिलें, असें मुलीचें म्हणणें; उद्धटपणाबद्दल शिक्षा केली, असें शाळेचें. वर्तमानपत्रांनीं देश हालवून सोडला, आणि १९२८ सालीं स्थापन झालेल्या मुस्लिम ब्रदरहूड संघटनेस त्या चळवळींतून मोठें बळ मिळालें. सरकारनें मिशनांच्या ताब्यांतील मुसलमान मुलें काढून घेण्याचें ठरविलें. असियूतहून साठांहून अधिक मुलें नेण्यांत आलीं. बाईंच्या हाताखालीं वाढलेलीं तीं मुलें. त्यांच्या रडण्याचें वर्णन करण्याची गरज नाहीं.

बाईंच्या चरित्रकारांना या ठिकाणीं केवळ सरकारचा जुलूम दिसतो. तें अपुरें आहे. ट्रॅशरबाई मुलांना आपल्याच धर्मांत वाढवीत आणि तें कधीं लपवीत नसत. ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याचा देव पोराला आपोआप खरा वाटूं लागतो. मुसलमान समाजानें यास हरकत घेतली, ती वावगी नव्हती. पण मग आपलीं पोरकीं मुलें आजवर कोणी पोसलीं, हा प्रश्नही त्या समाजास टाळतां आला नाहीं. मुसलमान अनाथांसाठीं सरकारी व खाजगी आश्रयगृहें त्यानंतरच झपाट्यानें उभीं राहिलीं. बाई मात्र देश सोडून गेल्या नाहींत. उरलेल्या मुलांचा स्वयंपाक दुसऱ्या दिवशीं करावयाचाच होता.

दुसऱ्या महायुद्धांत कपड्यांची फार तंगी पडली. १९४१ सालीं ग्रीस पडल्यामुळें तिकडे निघालेला मदतीचा माल अलेक्झांड्रियास उतरवावा लागला, आणि त्यांतले कपडे असियूतला आले. बाईंनीं तें प्रार्थनेचें उत्तर मानलें. ग्रीसमधील उघड्या मुलांनीं तें काय मानलें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अनाथगृहांतील सर्व लहानथोर बाईंना ‘मामा’ म्हणत. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तिकडे तो शब्द आईचाच. अनाथांबरोबर विधवा व आंधळ्या स्त्रियाही तेथें राहूं लागल्या होत्या. १९६० सालीं अध्यक्ष नासर यांनीं पत्र पाठवून बाईंच्या कार्याचा गौरव केला. १७ डिसेंबर १९६१ रोजीं त्या असियूत येथेंच वारल्या. त्या दिवशीं घरांत जेवणारीं माणसें सुमारें १,२०० होतीं.