फॅक्टरी रीसेट (घरगुती संगणक)

मालकाच्या फायली, खाती, प्रोग्रॅम व बदललेल्या सेटिंग पुसून संगणकाची कार्यप्रणाली मूळ, कोऱ्या स्थितीत आणण्याची प्रक्रिया. संगणक विकताना किंवा बिघाडावर इतर उपाय थकल्यावर ती करतात.

पूर्वी संगणकासोबत रिकव्हरीच्या सीडी मिळत. पुढे उत्पादक हार्ड डिस्कच्याच एका लपवलेल्या विभागात मूळ प्रत ठेवू लागले. पण तीतून त्यांनी आधी भरलेले नकोसे प्रोग्रॅमही इमानेइतबारे परत येत. विंडोज ८ (२०१२) मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय कार्यप्रणालीतच दिली. विंडोज १० मध्ये डिस्कवर असलेल्या प्रणालीच्या फायलींतूनच पुनर्उभारणी होऊ लागली. त्या फायलीच खराब असतील तर हा मार्ग खुंटतो. म्हणून २०२० मध्ये नवी प्रत इंटरनेटवरून उतरवण्याचा पर्याय आला. मॅकओएसमध्ये मॉंटेरेपासून (२०२१) ॲपल सिलिकॉन वा टी२ चिप असलेल्या मॅकवर अशी सोय आहे.

‘माझ्या फायली ठेवा’ हा विंडोजमधील पर्याय फसवा वाटू शकतो : फायली राहतात, नंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. सर्व काही काढण्याच्या साध्या पर्यायातही हार्ड डिस्कवरील मजकूर विशेष सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता उरते. त्यामुळे विकण्यापूर्वी डिस्क पूर्ण स्वच्छ करण्याचा, तासन्‌तास चालणारा पर्यायच निवडावा. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची सोय) सुरू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधी टिपून ठेवावी. बायॉसमधील पासवर्डला मात्र रीसेट हात लावत नाही. तो काढायचा राहिला, तर नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.