शमनची वाकडी रेघ

इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात छापून आली आणि लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खटल्यातून इस्मतआपा सुटल्या, पण कथेतून त्यांची सुटका झाली नाही. पुढे काहीही लिहिले तरी लोक ‘लिहाफ’च उकरून काढतात, ही खंत त्यांनीच नोंदवून ठेवली आहे. त्याच दशकात त्यांची ‘टेढी लकीर’ ही कादंबरी आली. आवडत्या लेखिकेच्या या नव्या पुस्तकात कुणी पुन्हा खळबळच शोधली असेल, तर त्याच्या पुढ्यात आले ते एका नकोशा मुलीचे मोठे होणे.

ही शमन. भावंडांच्या गर्दीत जन्मलेली. दूध पाजणारी दाई घरातून काढली जाते, जीव लावणारी थोरली बहीण मंझू लग्न होऊन जाते. माया करणारे माणूस निघून जाते हेच तिचे पहिले शिक्षण! मग शाळा, बोर्डिंग, शिक्षिका मिस चरनवर जडलेला जीव, मैत्रिणींमधले हेवेदावे.

आम्हा मराठी वाचकांना पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातले होस्टेल पाठ आहे. पण ‘कोसला’ १९६३ची. त्याच्या सुमारे दोन दशके आधी एका मुस्लिम लेखिकेने मुलींचे बोर्डिंग इतक्या बारकाईने मांडले, याची दखल आपल्याकडे किती जणांनी घेतली?

हे बोर्डिंग आकाशातून पडलेले नव्हते. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोध घरच्याच समाजातून झाला. १९१४ साली वसतिगृह सुरू झाले. पडदानशीन मुली पहिल्यांदाच आईबापांपासून दूर, आपल्या वयाच्या मुलींबरोबर राहू लागल्या. ‘अंगारे’ या १९३२च्या, पुढच्याच वर्षी बंदी आलेल्या संग्रहातल्या रशीद जहाँ या याच दांपत्याची मुलगी. इस्मतआपा त्यांना गुरुस्थानी मानत. त्या स्वतःही अलीगढला शिकल्या, आणि त्यासाठी घरच्यांशी भांडल्या.

आमच्या सभा-संमेलनांतून मुलींच्या शिक्षणावर पुष्कळ बोलले जाते. आम्हीही बोललो आहोत. ते भाषण बहुधा शाळेच्या दारापाशी संपते. मुलगी आत गेली, आता सारे सुरळीत होईल, असे आपण धरून चालतो. इस्मतआपा तिथून पुढचे सांगतात. शमन शिकते, मुख्याध्यापिका होते, पुरोगामी तरुणांत वावरते. आणि ज्या इफ्तिखारवर तिने विश्वास टाकला त्याची बायको एक दिवस समोर येऊन उभी राहते. शिक्षणाने तिला नोकरी दिली, जबान दिली, एकटेपण मात्र घेतले नाही. हे लिहायला धाडस लागते, कारण मुलींच्या शिक्षणाचे विरोधक असल्या कबुलीची वाटच पाहत असतात. तरी त्यांनी लिहिले आणि शमनला परत उंबऱ्याआड धाडले नाही.

ती रॉनी टेलर या आयरिश माणसाशी लग्न करते. गोरा नवरा, काळी बायको, दोन्हीकडच्या लोकांच्या नजरा. संसार भांडणातच जातो. तो युद्धावर निघून जातो. त्यानंतर शमनला कळते, की आपल्याला दिवस गेले आहेत. कादंबरी इथे थांबते. ना तोबा, ना मीलन.