गाडीचा मेंदू बदलताना

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आमच्या घरच्या गाडीपासून सुरू होते.

गेल्या पावसाळ्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. गाडी बंद पडली होती. आमच्या गाड्या वर्षानुवर्षं गॅरेजवाले मामाच बघतात. त्यांनी बॉनेट उघडून बघितलं, तर वायरिंगवरून ओघळलेलं पाणी थेट ईसीएमच्या सॉकेटमध्ये शिरलं होतं. पिना हिरव्या पडलेल्या. ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा, पण इंजिनाचा सगळा मेंदू त्यात. मामांनी भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा डबा आणला, बसवला आणि चावी फिरवली. इंजिन क्षणभर धरलं आणि गप्प. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहिलं.

मामांनी मला फोन लावला. "तू कंप्युटरचा माणूस ना? पार्ट तोच, नंबर तोच. मग चालू का होईना?"

मी बीटेक. रोज कोड लिहितो. आणि मला उत्तर येत नव्हतं. म्हणून शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट १९५७ सालात जाऊन पोचलो.

तोपर्यंत बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर असायचा. अरुंद नळीतून हवा जोरात गेली की ती सोबत पेट्रोल ओढून घेते, एवढंच त्यामागचं तत्त्व. मिश्रण लावायचं तर स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. मिस्त्रीचा कान हाच सेन्सर. मग अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं 'इलेक्ट्रोजेक्टर' आणला. पेट्रोल किती सोडायचं ते आता ट्रान्झिस्टरचं सर्किट ठरवणार होतं. १९५८ मध्ये क्रायस्लरनं तो मोजक्या गाड्यांवर दिला. पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालच्या उष्णतेत आणि धक्क्यांत टिकेनात. मग त्या गाड्यांवर उपाय काय केला? बहुतेक गाड्यांतली ही यंत्रणाच काढली आणि कार्ब्युरेटर बसवून दिले!

हे वाचून मी हसलो. बिघडलेला मेंदू काढला, जागी साधी नळी बसवली, आणि गाडी चालू. तेव्हा ते शक्य होतं.

बेंडिक्सची पेटंटं पुढं जर्मनीच्या बॉशकडे गेली. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. कारण होतं धुराचं. कॅलिफोर्नियाचे नियम कडक होत चालले होते आणि कार्ब्युरेटरला तेवढा काटेकोरपणा जमत नव्हता. या यंत्रणेचा कंट्रोल बॉक्स ॲनालॉग होता. त्यात प्रोसेसर नव्हता, सॉफ्टवेअर नव्हतं. तो बिघडला तर सॉकेट काढा, दुसरा लावा, निघा. फोनचा चार्जर बदलावा तसं.

१९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली. स्पार्क आणि पेट्रोल, दोन्ही आता एकच मायक्रोप्रोसेसर सांभाळू लागला. १९८१ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल गाड्यांवर कंप्युटर बसवला. इथं एक गंमत आहे. एकाच प्रकारचा डबा वेगवेगळ्या इंजिनांना चालायचा, पण प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे. ते आकडे एका छोट्या चिपमध्ये असायचे. डबा बदलताना मेकॅनिकनं जुन्यातली चिप काढून नव्यात बसवायची. म्हणजे हँडसेट नवा आणि सिमकार्ड जुनं! हे कामही हातानं होत होतं.

हात सुटला तो त्यानंतर. १९९० च्या दशकात फ्लॅश मेमरी आली. आता चिप काढायची नाही, वायरीतून सॉफ्टवेअर ओतायचं. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-टू सक्तीचं झालं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं ना, तेच. त्याच सुमारास युरोपात गाडीचोरांवर उपाय म्हणून इमोबिलायझर आला. चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते आणि चिप आपला कोड सांगते. ईसीएमच्या मेमरीतल्या नोंदीशी तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. नाही जुळला तर पेट्रोल बंद.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. त्यांनी आणलेल्या डब्याला कुणा दुसऱ्याच्याच चावीची ओळख होती. आमची गाडी त्याच्या लेखी चोरीची होती.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, पण भराभर आलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना युरो निकष लावायला सांगितलं. २००० मध्ये देशभर 'इंडिया २०००' निकष आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार होत गेला. २०१० मध्ये भारत स्टेज ४ मोजक्या शहरांत लागू झालं. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६. हवेसाठी हे गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण धूर कमी करायला आणि चोर अडवायला लावलेलं कुलूप मामांच्याही वाट्याला आलं. हे एकट्या सांगलीचं दुखणं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी मोठ्या बहुमतानं 'दुरुस्तीचा हक्क' कायदा मंजूर केला. गाडीची तपासणी करायला लागणारी माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे, असा तो कायदा. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मोकळेपणानं मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढं त्यावर अपिलं झाली. पण मामांसारख्यांचा प्रश्न देशाच्या कागदावर आला, हे तर खरं.

आमच्या गाडीचं काय झालं? अधिकृत सर्व्हिस सेंटरनं नवा मॉड्यूल, प्रोग्रॅमिंग, दोन्ही चाव्या आणि लांबलचक तारीख सांगितली. मामांनी पुण्यातला ईसीएम दुरुस्त करणारा एक माणूस शोधला. मी दोन्ही डबे घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी आरसी बुक मागितलं, गाडी आमचीच आहे ना ते बघितलं. मग जुन्या बोर्डवरची मेमरी वाचून ती भंगारातल्या डब्यात उतरवली. आपण जुना फोन मेला की डेटा नव्यात घेतो, तसंच.

इकडे मामांनी तोवर सॉकेट साफ केलं, अर्थिंगच्या वायरी घासल्या, इग्निशन कॉइल तपासली. "डबा कशानं गेला ते बघितल्याशिवाय दुसरा लावायचा नाय, तोबी जळतो," ते म्हणाले. हे मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं. त्यांनी आणखी एक सांगितलं: निम्म्या वेळा ईसीएम गेलेला नसतोच. फ्यूज, रिले, कमजोर बॅटरी नाहीतर शॉर्ट झालेला सेन्सर असतो.

शनिवारी डबा बसवला. चावी फिरवली. चिन्ह लुकलुकलं, विझलं आणि इंजिन धरलं. मामांनी बॉनेटवर हात ठेवून जुन्या सवयीनं कान लावला. स्क्रू फिरवायला तिथं आता काही नव्हतं. तरी ते दोन मिनिटं ऐकत उभे राहिले.

"तुझ्यासारख्यांनीच केलंय ना हे कुलूप?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तर मंडळी, दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडीची दुसरी चावी जपून ठेवा. आणि मेलेला ईसीएम भंगारात टाकू नका, तुमच्या गाडीची ओळख त्यात असते. तुमच्या गॅरेजवाल्या काका-मामांचा असा किस्सा असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!