रुळांच्या वर, रुळांच्या खाली: डेल्फ्टची गोष्ट

डेल्फ्टला शिकायला आलेल्या बहुतेकांचा पहिला दिवस एकसारखाच असतो. दोन जड बॅगा, जमिनीखालचा प्लॅटफॉर्म, सरकता जिना आणि वर आल्यावर डोक्यावर पसरलेला भलामोठा निळा-पांढरा नकाशा. घाईत तुम्ही तो पाहिलाही नसेल. स्टेशनच्या छतावरचा तो नकाशा १८७७ सालच्या डेल्फ्टचा आहे. काही दिवसांनी पत्ता नोंदवायला तुम्ही पुन्हा याच इमारतीत येता, कारण स्टेशन आणि खेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, कार्यालय एकाच छपराखाली आहे. शहरात कुठे काय बांधायचं हे ठरवणारी नगरपालिका हीच. जेमतेम लाखभर वस्तीच्या या गावाने आपली रेल्वे जमिनीखाली का नेली, ते आज बघू.

डेल्फ्टला रेल्वे आली १८४७ मध्ये, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सहा वर्षं आधी. आल्या आल्या भांडण जमिनीवरून झालं. गावाजवळच्या फान डेर खाख नावाच्या मालकाची एक चिंचोळी जागा रुळांच्या वाटेत येत होती आणि त्याने भाव सांगितला अव्वाच्या सव्वा. रेल्वेचा इंजिनिअर कोन्राड यानेही हार मानली नाही. त्याने त्या तुकड्याला वळसा घालून रूळ टाकले आणि गाडी काही काळ तशीच वाकडी धावली. सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची तर मालकाला काय द्यायचं आणि सरकारचा हक्क कुठवर, हा प्रश्न डच लोकांना तेव्हाच पडला होता. १८५१ मध्ये त्यांनी भूसंपादनाचा कायदा केला. समृद्धी महामार्गाच्या बातम्या वाचत मोठे झालेल्यांना हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही.

पुढची शंभरेक वर्षं रूळ जमिनीवरच होते. मग मोटारी वाढल्या, फाटकापाशी खोळंबा होऊ लागला. त्यावर १९६५ मध्ये उत्तर सापडलं ते काँक्रीटच्या पुलाचं. रेल्वे खांबांवर चढली आणि जुन्या गावाच्या पश्चिम कडेने, फिनिक्सस्ट्राटवरून, घरांच्या खिडक्यांसमोरून धडधडू लागली. आज आपण त्याला चूक म्हणू, पण तेव्हाच्या माणसांना तो पूल म्हणजे प्रगती होती. फाटकं गेली, रस्ता मोकळा झाला. खाली राहणाऱ्यांना काय ऐकावं लागेल, हे त्या हिशेबात फारसं नव्हतं.

दुसरी अडचण नंतर आली. गाड्या वाढल्या आणि पुलावरचे दोन रूळ पुरेनात. चार रूळ हवे होते. म्हणजे पूल आणखी रुंद करा, नाहीतर रेल्वे खाली घाला. डेल्फ्टने खाली घालायचा आग्रह धरला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. बार्सिलोनाचे नगररचनाकार जोआन बुस्केत्स यांनी वरच्या मोकळ्या होणाऱ्या पट्ट्याचा आराखडा केला. २००९ मध्ये काम सुरू झालं. दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा बोगदा, तोही सतराव्या शतकातल्या घरांना खेटून. वाटेत ‘दे रोस’ ही जुनी पवनचक्की आली, तर ती पाडली नाही. तिला काँक्रीटचा नवा पाया देऊन उचलून धरलं आणि बोगदा तिच्या खालून नेला. २८ फेब्रुवारी २०१५ ला स्टेशन सुरू झालं आणि नंतर तो पूल पाडला. जेमतेम पन्नास वर्षं टिकलेली प्रगती!

आता पैशांचं. बोगद्याचा मोठा भार केंद्र सरकारने उचलला. पण वरच्या जमिनीचं गणित नगरपालिकेच्या अंगावर होतं. हजाराहून जास्त घरं आणि कार्यालयं उभी राहतील, जागा विकल्या जातील, त्यातून खर्च निघेल असा तो हिशेब. २००८ च्या मंदीने घरांचा बाजार बसला. खड्डा तर खणून ठेवलेला, माघार घ्यायची सोय नाही. पुढची काही वर्षं डेल्फ्टला इतर खर्चांना कात्री लावावी लागली. आज फान लेउवेनहूक पार्कच्या हिरवळीवर तुम्ही डबा उघडून बसता, तेव्हा खाली बोगदा असतो आणि त्याच्याही खाली, म्हणा ना, ते कर्ज.

मग आपल्याकडचं आठवतं. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मेट्रोला वाट हवी म्हणून. त्याला पंधरा वर्षंही झाली नव्हती. ‘तिकडे सगळं नीट, आपल्याकडे सगळा सावळा गोंधळ’ असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. पूल दोघांनीही पाडले. फरक चुका होण्यात नाही. चुकीविषयी बोलायला माणसांना जागा आणि वेळ मिळते का, आणि त्यांचं ऐकायला निवडून आलेलं कुणी असतं का, इथे तो आहे. १९६६ च्या आपल्या नगररचना कायद्यातही विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवायची तरतूद आहे. पण पुणे महापालिकेत मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं प्रशासकच बसले होते. हरकत लिहिली तरी ती सभागृहात मांडणारा नगरसेवक कुठे होता?

इथे तुमचं काय? तुम्हाला वाटतं, आपण दोन वर्षांचे पाहुणे. पण डच नगरपालिका आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवते, तेव्हा साधारण सहा आठवडे कुणीही आपलं म्हणणं कळवू शकतं. पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारत नाही. आणि युरोपीय संघाबाहेरचा माणूसही सलग पाच वर्षं कायदेशीर राहिला की नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. संसदेसाठी नाही, पण गावासाठी नक्की. आपल्यातल्या किती जणांना पाच वर्षं उलटून गेली, आणि किती जणांनी मत दिलं? घरभाडं परवडत नाही, खोली मिळत नाही, ही तक्रार आपण रोज एकमेकांकडे करतो. खोल्या कुठे आणि किती बांधायच्या, हे ज्या इमारतीत ठरतं तिच्या खालूनच आपली गाडी सुटते.

पुढच्या वेळी स्टेशनात पाच मिनिटं हातात असतील तर मान वर करून तो नकाशा नीट बघा. १८७७ च्या त्या कागदावर ना पूल आहे, ना बोगदा, ना तुमचं हॉस्टेल. ते सगळं नंतर कुणीतरी ठरवलं.