एजंट दोघांचा असतो?

नाशिकच्या घरबाजारात एक समज रूढ आहे: एजंट दोघांचा असतो. तो विकणाऱ्याकडूनही टक्का घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. सगळ्यांना ठाऊक असलेली रीत मुद्दाम सांगायची कशाला? फार तर इसाराच्या वेळी सांगावी.

यात तथ्य आहे ते इतकंच, की दोघांना ठाऊक आणि मान्य असेल तर दोन्हीकडून दलाली घेण्यात गैर नाही. पण ठाऊक असतं हे गृहीतकच लंगडं आहे. सिडकोतला फ्लॅट विकून गंगापूर रोडला घर शोधणारं कुटुंब आयुष्यात असा व्यवहार एक-दोनदा करतं. एजंटचा तो रोजचा धंदा असतो.

कायदाही 'दोघांचा' म्हणत नाही. 2016 च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत एजंट एका व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याशी बोलणी करतो. कलम 4 प्रमाणे बिल्डरला प्रकल्प नोंदवताना आपल्या एजंटांची नावं-पत्ते द्यावे लागतात. 'महारेरा नंबर आहे ना, मग झालं' हेही पुरेसं नाही. नंबरावरून नोंदणी कळते, एजंट कोणाच्या बाजूने बोलतोय ते कळत नाही. शिवाय एजंटच्या नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. पंचवटीतल्या जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत आधार उरतो 1872 च्या करार कायद्याचा. विकायला दिलेली मालमत्ता एजंटने दुसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतली आणि ते अप्रामाणिकपणे दडवलं, तर कलम 215 प्रमाणे मालक तो व्यवहार नाकारू शकतो.

राहिला वेळेचा मुद्दा. इसारापर्यंत गिऱ्हाईक 'ताणून पन्नास लाखांपर्यंत जाऊ' असं बोलून बसलेलं असतं. विकणाऱ्याच्या एजंटच्या कानावर गेलेला तो आकडा परत घेता येत नाही. पुढची सगळी घासाघीस त्याच्याभोवतीच फिरते. म्हणूनच न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात घराच्या व्यवहारात एजंट कोणाच्या बाजूने आहे याचा खुलासा पहिल्या ठोस बोलण्याच्या वेळीच, लेखी द्यावा लागतो.

'असं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल,' ही धास्ती उरते. गिऱ्हाईक पळणार नाही; ते आपलं बजेट राखून बोलेल, वाटल्यास आपला माणूस सोबत आणेल. तो त्याचा हक्कच आहे. म्हणून बजेट विचारण्याआधी एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवाव्यात: मी कोणाच्या वतीने बोलतोय आणि दलाली कोणाकडून किती घेणार आहे.