मातीचं मडकं

शाळेत इजिप्तचा धडा शिकलो, तेव्हा मी वहीत पिरॅमिड काढला होता. पुढं इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरची नोकरी लागली, पण इतिहास वाचायची सवय राहिली. ममी करताना इजिप्शियन लोक यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी चार बरण्यांत ठेवत. हृदय मात्र देहातच राही.

आपल्याच भंडारा जिल्ह्यात तिल्लोता खैरी, पिंपळगाव इथं महापाषाण काळाच्या मोठाल्या शिळा उभ्या आहेत, हे मला चाळिशीत कळलं! विदर्भात अशा दफनांची शेकडो शिळावर्तुळं आहेत. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं निघाली. मृतांसोबत लोखंडी हत्यारं, मणी, तांब्याचा साज चढवलेले घोडे आणि काळी-तांबडी भांडी होती. भट्टीत पालथी घातल्यानं अशी भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी होतात. त्यांत अवयव नसत. माणसाच्या सोबतीला ती ठेवलेली.

दोन वर्षांपूर्वी वैनगंगेकाठी बाबांना निरोप दिला. भावाच्या खांद्यावरचं पाण्याचं मडकं फुटलं, तेव्हा मला तीच भांडी आठवली. रीत बदलली, मडकं राहिलं.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण अजून गावी शेती करता. बांधावर गोलाकार मांडलेले दगड दिसले तर ते हलवू देऊ नका. दगड गेला की खाली कोणी निजलंय याची खूणच पुसते. पुढच्या संमेलनाला आपल्या सरांना आणि मुलांना घेऊन आपण ते दगड पाहायला जाऊ या.