तळटीप : नाटकाचा परवाना

१२. द्रोणागिरी हा उरण तालुक्यातला सिडकोचा नोड नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. करमणुकीच्या जागांचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ ने मिळतो. संहिता तपासते ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. जागेची परवानगी वेगळी. चर्चा नेहमी संहितेवरच होते, याची खंत वाटते. प्रेक्षकाचा जीव अवलंबून असतो तो दारांवर आणि जिन्यांवर. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारात आग लागून १४ जण गेले. कित्येकजण स्वच्छतागृहात गुदमरले. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानुसार दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो.